किरकोळ धडक: विमा कंपनीला कळवायचं की गप्प बसायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पार्किंगमधून गाडी मागे घेताना तुमच्या बंपरचा कोपरा शेजारच्या उभ्या गाडीच्या दाराला लागला. वेग जवळजवळ नव्हताच. तुमच्या बंपरला बोटभर चरा, त्यांच्या दाराला उथळ पोचा. मालक तिथेच होते. त्यांनी दार दोनदा उघडून लावून पाहिलं, "जाऊ द्या हो, होतं असं" म्हणाले आणि निघून गेले. फोन नंबर दिले-घेतले, बाकी काही नाही. मित्र म्हणतो, कंपनीला कळवलंस की बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) गेलाच समज. घरचे म्हणतात, कळव, नाहीतर उद्या अडकशील. आज चौथा दिवस आहे.

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. कळवा, आजच कळवा. क्लेम करायचा की नाही ते पुढच्या आठवड्यात ठरवा.

मी मोटार क्लेमचा सर्व्हेयर आहे, म्हणजे गाडीचं नुकसान तपासून भरपाई किती बसते ते पाहणारा. या कामात वीसेक वर्षं गेली. कंपनी आणि ग्राहक यांच्यात जी कटकट मी पाहिली, तिच्यातली निम्मीअधिक एका गैरसमजातून आलेली: कळवणं आणि क्लेम करणं ही एकच गोष्ट आहे, हा तो गैरसमज. कळवणं म्हणजे अमुक दिवशी, अमुक जागी असं असं घडलं, एवढं कंपनीच्या कानावर लेखी घालणं. क्लेम म्हणजे माझ्या नुकसानीचे पैसे द्या अशी मागणी. पहिलं केलं म्हणून दुसरं करावंच लागतं असं नाही. दुसरं मात्र पहिल्याशिवाय अडतं, आणि पहिल्याला जितका उशीर तितकं जास्त अडतं.

पॉलिसीची ती जाडजूड पीडीएफ कुणी वाचत नाही, मला माहीत आहे. तिच्यातलं 'अटी' हे प्रकरण तेवढं उघडा. अनेक देशांतल्या मोटार पॉलिसीत दोन अटी भेटतात. एक, अपघात झाला की लगेच लेखी कळवायचं. दोन, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय समोरच्याकडे चूक कबूल करायची नाही, भरपाई देतो असं म्हणायचं नाही आणि द्यायचीही नाही. भारतातल्या खासगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत तर या अटी पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर छापलेल्या असतात. लोकांना दुसरी अट माणुसकीच्या विरुद्ध वाटते. तिचा अर्थ एवढाच, की उद्या समोरच्याने दावा लावला तर तुमच्या बाजूने लढणार कंपनी, पैसे देणारही कंपनी. तुम्ही आधीच "सगळी चूक माझी" असं लिहून दिलंत तर तिच्या हातात लढायला काही उरत नाही. धडक झाल्यावर विचारपूस करा, पाणी द्या, लागलं का विचारा, दिलगिरीही दाखवा. चूक कुणाची हे मात्र कागदावर किंवा मेसेजमध्ये ठरवून टाकू नका.

आता तुमच्या त्या गृहस्थांचं "जाऊ द्या". ते त्या क्षणी मनापासूनच म्हणाले असतील. पण त्या दोन शब्दांनी त्यांचा हक्क संपत नाही, आणि दाराचा पोचा घरी जाऊन दुसऱ्या कुणीतरी पाहिलेला असतो. माझ्याकडे आलेली एक फाइल सांगतो. सिग्नलला उभ्या गाडीला मागून हलकी टेकणी. दोघंही उतरले, हसले, एकाने दुसऱ्याला थोडी रोकड दिली आणि एका चिठ्ठीवर लिहिलं: "माझ्या चुकीने धडक बसली, नुकसान भरून दिलं आहे." सही, तारीख. दोघांनाही वाटलं की प्रकरण व्यवस्थित मिटलं. तिसऱ्या आठवड्यात नोटीस आली. डिकीचं झाकण नीट लागत नाही, आणि मागे बसलेल्या बाईंची मान दुखते आहे. मानेचं दुखणं खोटंच असेल असं समजू नका. मागून धक्का बसला की मान झटकते, आणि ताठरपणा व दुखणं कित्येकदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी जाणवायला लागतं. जागेवर "मला काही झालं नाही" म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो, फक्त त्याला अजून कळलेलं नसतं.

त्या फाइलमध्ये आमच्या ग्राहकाने कंपनीला पहिल्यांदा कळवलं ते नोटीस हातात घेऊन. तोवर बंपर रंगवून झाला होता, एकही फोटो नव्हता, आणि ती चिठ्ठी विरुद्ध पक्षाच्या वकिलाने जपून ठेवलेली. धडक किती हलकी होती हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. पैसे दिले ते कंपनीला न विचारता, आणि दिलेल्या पैशांची "यापुढे कोणतीही मागणी उरलेली नाही" अशी पावतीसुद्धा घेतलेली नव्हती. वर्षभर तो माणूस फेऱ्या मारत होता.

कायदाही बहुतेक ठिकाणी कळवा असंच सांगतो. भारतात मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १३४ आहे. कुणाला दुखापत झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, ठिकाण हा तपशील विमा कंपनीला लेखी देणं हे त्यात चालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. दुसऱ्याच्या दाराला पडलेला पोचा हे मालमत्तेचं नुकसानच. फ्रान्समध्ये कळवायला साधारण पाच कामकाजाचे दिवस मिळतात, जर्मनीतल्या नेहमीच्या पॉलिसीत एक आठवडा. तुमचे चार दिवस गेले म्हणून घाबरू नका. भारतात विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे की निव्वळ उशीर झाला या कारणावरून खरा क्लेम नाकारू नका. पण त्या आधारावर चाराचे चाळीस दिवस करू नका, कारण उशिराचं कारण तुम्हालाच सांगावं लागतं आणि "मित्र म्हणाला" हे कारण फाइलवर फार वाईट दिसतं.

तुमच्या मित्राचं म्हणणं अगदीच चूक आहे असंही नाही. नुसतं कळवल्याने काही बिघडतं का, याचं उत्तर देशागणिक बदलतं. ब्रिटनमध्ये कंपन्यांची घटनांची सामाईक नोंद असते आणि नवी पॉलिसी घेताना गेल्या काही वर्षांतले सगळे अपघात विचारतात, क्लेम केला असो वा नसो. तिथे नुसती नोंदसुद्धा पुढच्या प्रीमियमवर थोडीफार दिसू शकते. अमेरिकेत क्लेमचा इतिहास सात वर्षांपर्यंत कंपन्यांना पाहायला मिळतो. भारतात बोनस जातो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतल्यावर. इथे एक बारीक खाच आहे. नियम 'क्लेम केलेला किंवा प्रलंबित नसावा' असा आहे. म्हणजे तुम्ही कळवलंत, कंपनीने क्लेम नंबर दिला, तुम्ही पुढे काहीच केलं नाही, आणि रिन्यूअलच्या दिवशी तो नंबर उघडाच असेल, तर बोनस अडकू शकतो. म्हणून पैसे नको असं ठरलं की "माझ्या गाडीचा क्लेम मी मागे घेत आहे, फाइल बंद केल्याचं कळवा" अशी मेल टाका आणि उत्तर जपून ठेवा. ही एक ओळ न लिहिल्यामुळे बोनस गमावलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना एक पैसाही मिळालेला नव्हता, आणि बोनसही गेला.

आता हिशेब. लोक चुकतात ते इथे, कारण गॅरेजचं बिल डोळ्यांसमोर असतं आणि बोनसचं नुकसान पुढच्या पाच वर्षांत विखुरलेलं असतं. रक्कम प्रत्येकाची वेगळी, म्हणून पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी असलेल्या भागाचा, बोनस न धरता होणारा वर्षाचा प्रीमियम १०० समजू. तुम्ही तुमच्या आकड्याने गुणा.

भारतातली नो क्लेम बोनसची शिडी अशी: एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. एक क्लेम झाला की शिडीच्या तळाशी. समजा तुम्ही आज ३५ टक्क्यांच्या पायरीवर आहात. क्लेम केला नाही तर पुढची वर्षं ५५, ५०, ५०, ५०, ५० अशी भराल. केला तर १००, ८०, ७५, ६५, ५५. वर्षागणिक फरक ४५, ३०, २५, १५, ५. बेरीज १२०. म्हणजे आजचा एक क्लेम तुम्हाला पुढच्या पाच वर्षांत मिळून सव्वा वर्षाच्या आसपासचा पूर्ण प्रीमियम महाग पडतो. गाडी जुनी होते तशी तिची विम्यातली किंमत आणि मूळ प्रीमियम उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात १२० पेक्षा थोडं कमी धरा.

गंमत अशी की नव्या गाडीच्या पहिल्याच वर्षी, बोनस शून्य असताना, हाच हिशेब मांडला तर फरक २०, ५, १०, १०, ५ येतो. बेरीज फक्त ५०. ज्याच्याकडे गमवायला काही नाही त्याने कमी गमावलं, साधं आहे. तरी नव्या गाडीचे मालकच चऱ्याचा क्लेम करायला जास्त कचरतात आणि ५० टक्क्यांवर बसलेले जुने ग्राहक बिनधास्त फॉर्म भरतात, हे मी कायम पाहतो. उलटं व्हायला हवं.

दुसरी बाजू: कंपनी नक्की किती देईल? बिलाएवढं नाही. समजा बिल १३० आलं. त्यात बंपरचा भाग ६०, रंगकाम ४०, मजुरी ३०. भारतातल्या साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (वापराने उतरलेली किंमत) कापतात, म्हणजे ३० गेले. रंगकामात फक्त मटेरियलवर घसारा, आणि एकत्र बिल असेल तर मटेरियल रंगकामाच्या २५ टक्के धरतात, त्याच्या निम्मे म्हणजे ५ गेले. स्वतः भरायची सक्तीची वजावट समजा १०. हातात आले ८५. तुमच्या १२० समोर ८५ म्हणजे क्लेम करून तुम्ही ३५ ने खड्ड्यात. पहिल्या वर्षाच्या गाडीवाल्याला मात्र ५० समोर ८५ मिळतात, त्याने खुशाल करावा. आणि तुमच्याकडे झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जोड-कवच, असेल तर घसारा जात नाही, १३० मधून १० वजा जाता १२० मिळतात. बरोबर बरोबरी. अशा बरोबरीला मी क्लेम करू नका म्हणतो, कारण झिरो डेपखाली वर्षाला किती क्लेम चालतील याला बहुतेक पॉलिसींमध्ये मर्यादा असते आणि खरी मोठी धडक कधी बसेल ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

बोनस वाचवणारं वेगळं कवच घेतलेलं असेल तर हा सगळा हिशेब बदलतो. ते पॉलिसीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, तेवढं पाहा.

फ्रान्सची पद्धत वेगळी आहे. तिथे प्रीमियमला लावायचा एक गुणक असतो: अपघाताविना गेलेल्या प्रत्येक वर्षी ०.९५ ने गुणायचं, तुमच्या चुकीच्या प्रत्येक अपघाताला १.२५ ने. एका चुकीने चढलेला गुणक जुन्या जागी उतरायला जवळपास पाच वर्षं लागतात. आकडे वेगळे असले तरी स्वभाव तोच. बोनस हा क्लेमची संख्या पाहतो, आकार पाहत नाही. बोटभर चऱ्याने जितका जातो तितकाच अर्धी गाडी चेपल्यावरही जातो. छोटा क्लेम महाग पडतो तो यामुळेच. विमा गणितज्ञांनी ग्राहकाच्या या वागण्याला, म्हणजे छोटं नुकसान स्वतः सोसून बोनस राखण्याला, 'बोनसची भूक' असं नावच दिलं आहे. कंपन्यांना ती भूक हवीच असते, चऱ्यांच्या फाइली कमी होतात. जर्मनीत तर क्लेमचे पैसे कंपनीला परत देऊन आपली जुनी पायरी राखण्याची सोय आहे. ही सोय मला फार शहाणपणाची वाटते.

हा सगळा हिशेब बिल माहीत असल्यावरचा. आणि बिल बाहेरून पाहून कळत नाही, हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. हल्लीचा बंपर लवचीक प्लास्टिकचा असतो. दाबला की आत जातो आणि परत पूर्ववत होतो. बाहेरून नुसता चरा. गेल्या वर्षी अशीच एक गाडी वर्कशॉपमध्ये आली होती. मालक म्हणत होता, पॉलिश मारा आणि द्या. मेकॅनिकने चाकाच्या कमानीतले स्क्रू काढले, बंपर ओढला, तर खालून तुटलेल्या क्लिपा टपटप पडल्या. आतला फोम मधोमध चिरलेला. सेन्सरचा ब्रॅकेट जरासा वाकलेला, इतका की बोट फिरवल्यावरच कळावा. मग मालकाला आठवलं की गेले काही दिवस मागे काही नसतानाही गाडी बीप-बीप करते आहे. चऱ्याचं काम बघता बघता तिप्पट झालं. काही गाड्यांत बंपरमागे रडार असतं. तो बंपर काढून बसवला की रडार पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, आणि त्याच्यासमोरच्या भागावर रंगाचा थर किती जाड चालेल यालाही उत्पादकाची मर्यादा असते. शेजारच्या दुकानातून टचअप मारून आणलेला बंपर तिथे महागात पडू शकतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कळवा, मग बंपर उघडून एस्टिमेट घ्या, मग हिशेब करा. सर्व्हे होण्याआधी दुरुस्ती करून टाकली की क्लेमचा मार्ग जवळजवळ बंद होतो. कळवून ठेवलं असेल तर तो उघडा राहतो आणि नंतर तुम्ही स्वतःहून बंद करू शकता.

मग कधीच गप्प बसू नये का? बसावं की. स्वतःच्या फाटकाच्या खांबाला घासली, दुसरं कुणी नाही, दुसऱ्याचं काही मोडलं नाही, आणि दुरुस्ती वजावटीच्या आसपास आहे. अशा वेळी कळवून मिळणार काहीच नाही. मी स्वतः माझ्या गाडीच्या अशा दोन चऱ्यांसाठी कुणालाही कळवलेलं नाही. गाडी कर्जावर, भाड्याने किंवा ऑफिसची असेल तर मात्र त्या करारात वेगळं काही लिहिलंय का ते पाहा, तिथे मालक तुम्ही एकटे नसता.

अशा साठवलेल्या चऱ्यांबद्दल एक सूचना. लोक तीन-चार पोचे साठू देतात आणि वर्षाखेरीला एकच अपघात दाखवून सगळे एका क्लेममध्ये बसवायला पाहतात. आम्हाला ते पाच मिनिटांत कळतं. जुन्या चऱ्यात धूळ आणि पॉलिश बसलेलं असतं, पत्र्यावर गंजाची कड आलेली असते, आणि एकाच धडकेत डावं मागचं दार आणि उजवा पुढचा फेंडर दोन्ही कसे काय घासले, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. नियमाने प्रत्येक घटनेचा वेगळा क्लेम आणि प्रत्येकाला वेगळी वजावट. मात्र या वर्षी एक मोठा क्लेम आधीच झालेला असेल तर बोनस गेलेलाच आहे, त्यामुळे त्याच वर्षातला दुसरा खरा क्लेम बोनसच्या हिशेबात तुम्हाला काही जास्त तोट्याचा नाही. हे सरळ सांगून करा, तारखा न फिरवता.

आणि कंपनी बदलताना "क्लेम झाला का?" या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून बोनसची खात्री करून घेते, आणि खोटं निघालं तर पुढचा मोठा क्लेम त्यावर अडतो.

तर तुमचं काय. समोर दुसरी व्यक्ती आहे, तिच्या गाडीला नुकसान आहे, म्हणून कळवणं भागच. मेल लांबलचक नको. पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर, तारीख-वेळ-ठिकाण, "गाडी मागे घेताना कमी वेगात उभ्या गाडीशी संपर्क, दोन्ही गाड्यांवर किरकोळ खुणा, त्या वेळी कुणालाही दुखापत दिसली नाही, समोरच्या मालकांनी कोणतीही मागणी केलेली नाही, ही केवळ माहितीसाठी नोंद आहे, माझ्या गाडीच्या क्लेमबाबत नंतर कळवेन." एवढं पुरे. त्यात तर्क घालू नका, मत घालू नका. पुढे त्यांच्याकडून फोन, पत्र, नोटीस काहीही आलं तर स्वतः उत्तर न देता कंपनीकडे पाठवा.

त्या गृहस्थांनाही आज एक साधा मेसेज करा: "त्या दिवशी भेट झाली ती पार्किंगमधली घटना. आपण सगळे ठीक आहात ना?" त्यांचं "हो, मजेत" असं उत्तर आलं तर ते पुसू नका.

आणि चऱ्याला कापड लावण्याआधी तीन फोटो काढा. एक जवळून, एक गाडीचा नंबर दिसेल असा लांबून, आणि एक बंपरशेजारी जमिनीवर उभी मोजपट्टी धरून, चरा जमिनीपासून किती उंचीवर आहे ते वाचता येईल असा. उद्या त्यांनी दाखवलेला पोचा दाराच्या मुठीजवळ निघाला आणि तुमचा चरा त्याच्या हातभर खाली असला, तर बाकी काही नसलं तरी मला तेवढा एक फोटो पुरतो.